आत्मचरित्र हा पुरावा कशाचा?

प्रबंधाचा विषय 'बारामतीचा विकास' असेल, तर शरद पवारांचं 'लोक माझे सांगाती' (२०१५) तुमच्या वाचनात येणारच. जरूर वाचा. फक्त कशासाठी वाचताय, ते आधी ठरवा.

१९६७ला बारामतीचे आमदार, १९७८ला मुख्यमंत्री, पुढे १९९४चं महिला धोरण. अशा कारकिर्दीतले निर्णय कसे झाले, हे समजायला आत्मचरित्र उत्तम, कारण निर्णय घेणारेच सांगतायत. पण म्हणूनच त्या निर्णयांचा परिणाम किती झाला, हे त्यावरून ठरवता येत नाही. स्वतःचा पेपर स्वतःच तपासल्यासारखं होईल.

बारामतीचंच बघा. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकातला. शेजारच्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर साखर कारखान्याभोवती उभं राहिलं, तेही पवारांच्या जन्माआधी (१९४०). म्हणजे पाणी आणि ऊस आधीपासून होता. मग नेतृत्वाचा वाटा किती?

दोन्ही तालुक्यांतली कालव्याखालची गावं एका बाजूला ठेवा, जिरायती गावं दुसऱ्या बाजूला. रोजगार हमीतून फळबाग लागवड ही पवार मुख्यमंत्री असताना, १९९०ला आलेली योजना तर राज्यभर होती. जिरायती गावांत ती कुठे रुजली, कुठे नाही, हे मोजता येतं.

तुमच्या मसुद्यात 'पवारांमुळे' हा शब्द आला की त्याखाली रेघ मारा. ते नसते तर काय झालं असतं, हे कोणत्या गावावरून कळेल, ते समासात लिहा. गाव सापडेना, तर तो शब्द खोडा.