सवलत आणि रचना : मराठीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम व दिव्यांग विद्यार्थी

दिव्यांग विद्यार्थ्यांचा प्रश्न विद्यापीठीय चर्चेत बहुधा ‘सवलत’ या एका शब्दापाशी येऊन थांबतो. परीक्षेस लेखनिक दिला, वेळ वाढवून दिला, की कर्तव्य संपले, अशी समजूत रूढ आहे. कायद्याची घडणही तीस काही अंशी पोषक ठरली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या ३२ व्या कलमाने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. परंतु ग्रंथ व अध्ययनसाहित्य विनामूल्य पुरविण्याची १७ व्या कलमातील तरतूद वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच लागू आहे. ज्या वयात महाविद्यालयाचे दार उघडते, त्याच वयात हा आधार सुटतो.

मराठीच्या अभ्यासकास याची झळ विशेष लागते. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या संगणकप्रणालीस पानाचे केवळ छायाचित्र वाचता येत नाही. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला मजकूर तर ती निरर्थक अक्षरांची रास म्हणून उच्चारते. येथे कायदा आड येत नाही. स्वामित्वहक्क अधिनियमात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी ग्रंथाचे सुगम स्वरूपात रूपांतर करण्यास मुभा दिली आहे. उणीव आहे ती योजनेची : ग्रंथ नेमताना तो कोणत्या रूपात उपलब्ध आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. शिवाय श्रवणाने सर्व काही साधते असेही नव्हे. ऱ्हस्व-दीर्घाचा पाठभेद कानास क्वचितच जाणवतो. तेथे १९५१ साली स्वीकारलेल्या भारती ब्रेलमधील पाठच हाती असावा लागतो.

सुगमतेने अभ्यासाचा दर्जा खालावेल, हा आक्षेप विचारार्ह आहे. त्याचे उत्तर प्रत्येक अभ्यासपत्रिकेच्या उद्दिष्टात शोधावे लागते. भुजंगप्रयाताचे चार ‘य’ गण लघु-गुरूच्या खुणांनी फळ्यावर मांडले असता कर्णबधिर विद्यार्थ्यास वृत्ताची रचना पूर्णपणे कळते. पठणातील नाद मात्र त्यास मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे. मोडी कागदपत्रांच्या अभ्यासात अक्षरवळणांची ओळख हेच उद्दिष्ट असेल, तर दृष्टी अनिवार्य ठरते. उद्दिष्ट साधनचिकित्सेचे असेल, तर लिप्यंतरित पाठ पुरेसा आहे. अनेक अभ्यासपत्रिकांत हा भेद स्पष्ट केलेला नसतो, आणि त्या अस्पष्टतेची किंमत विद्यार्थी मोजतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार प्रकरणात लेखनिकाचा हक्क ४० टक्के दिव्यांगत्वाच्या मोजमापाशी जखडता येत नाही, असा निर्णय दिला. गरज व्यक्तीची पाहावी, प्रमाणपत्रावरील आकडा नव्हे, हे तत्त्व त्यातून निघते. तथापि न्यायालय परीक्षागृहापर्यंत पोहोचू शकते. वर्गातील अध्यापन व ग्रंथांची निवड हे विभागाचेच क्षेत्र होय. अभ्यासक्रम आखून झाल्यावर दिलेली सवलत विद्यार्थ्यास याचक ठरविते. आखणीच्या वेळीच केलेला विचार त्यास अभ्यासक म्हणून स्वीकारतो. अभ्यासमंडळांनी उद्दिष्ट आणि साधन यांतील भेद प्रत्येक अभ्यासपत्रिकेच्या आरंभी नोंदविला, तर सवलतीची पुष्कळशी प्रकरणे उद्भवणारच नाहीत.