काचेवरील प्रतिमा

भावनाट्य हे शब्दबंबाळ असते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. डग्लस सर्क यांचा ‘ऑल दॅट हेवन अलाउज’ (१९५५) हा अमेरिकन चित्रपट त्यास उत्तर देतो. मध्यमवयीन विधवा कॅरी आपल्याहून तरुण अशा रॉन या बागकाम करणाऱ्यावर प्रेम करते. परंतु गावाची कुजबुज व मुलांचा विरोध यांपुढे नमून विवाहाचा बेत मोडते. पुढे तीच मुले स्वतंत्र मार्गाने जाऊ लागतात आणि नाताळात आईस दूरचित्रवाणी-संच भेट देतात. विक्रेता सोबतीची ग्वाही देतो. काचेवर मात्र कॅरीची एकाकी प्रतिमा उमटते. ती काहीच बोलत नाही, आणि तोच या कथेतील सर्वांत तीव्र उद्गार होय. अखेरीस ती रॉनकडे परतते, पण त्याच्या रुग्णशय्येशी. म्हणून या चित्रपटास सुखान्त म्हणण्यास आम्ही तयार नाही.