उद्धरणसंख्या आणि संशोधनाचे मोल : पेटन राऊस यांच्या कर्करोग-संशोधनाच्या संदर्भात

प्रस्तावना :
संशोधकाचे किती निबंध प्रसिद्ध झाले आणि इतरांनी त्यांचा किती वेळा संदर्भ घेतला, या दोन संख्यांवरून त्याची योग्यता ठरविण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. यूजीन गारफिल्ड यांचा 'सायन्स सायटेशन इंडेक्स' १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. २००५ मध्ये होर्हे हिर्श यांनी 'एच-निर्देशांक' मांडला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने 'एपीआय' गुणांच्या रूपाने प्राध्यापकांच्या निवडीत व पदोन्नतीत अशा मोजमापाला स्थान दिले. या मोजमापातून काय दिसते आणि काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात एका कर्करोग-संशोधकाच्या कार्याच्या आधारे केला आहे.

राऊस यांचे संशोधन :
न्यूयॉर्क येथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राऊस (१८७९-१९७०) यांनी कोंबडीच्या सार्कोमा या गाठीचा अर्क पेशी अडविणाऱ्या गाळणीतून गाळला. तो पेशीविरहित द्रव निरोगी कोंबड्यांना टोचला असता त्यांनाही तीच गाठ झाली. हा निष्कर्ष १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोग विषाणूमुळेही होऊ शकतो, असा त्याचा अर्थ होता. परंतु सस्तन प्राण्यांत तसा पुरावा मिळेना. खुद्द राऊस यांनाही उंदरांच्या गाठींत तो सापडला नाही. त्यामुळे तज्ज्ञांचा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. १९१५ च्या सुमारास राऊस अन्य विषयांकडे वळले. रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये सशांमधील विषाणुजन्य पॅपिलोमा दाखविल्यानंतर ते या प्रश्नाकडे परतले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये, म्हणजे मूळ निबंधानंतर ५५ वर्षांनी.

विवेचन :
यातून पहिली मर्यादा दिसते ती काळाची. पदोन्नतीचे मूल्यमापन काही थोड्या वर्षांच्या कामगिरीवर होते. १९११ च्या निबंधाला त्या मुदतीत न्याय मिळणे शक्य नव्हते.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. शोध सर्वमान्य झाला की मूळ निबंधाचा उल्लेख गळून पडतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेकडे लक्ष वेधले होते. 'राऊस सार्कोमा विषाणू' हे नाव पाठ्यपुस्तकात गेले, तसे १९११ च्या निबंधाचा संदर्भ देण्याचे कारण उरले नाही. हॉवर्ड टेमिन यांनी १९७० मध्ये याच विषाणूत रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर दाखविले. विषाणूतील 'सार्क' जनुकाचे मूळ निरोगी पेशीतच आहे, हे १९७६ मध्ये बिशप, व्हार्मस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. हे ऋण उद्धरणांच्या बेरजेत पुरते उतरत नाही.

तिसरे, मोठ्या संख्येचा अर्थ नेहमी एकच नसतो. प्रथिनांचे मापन सांगणारा लाउरी व सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला, कारण ती रोजच्या वापराची पद्धत होती. हॅनाहन व वाइनबर्ग यांचा 'सेल' नियतकालिकातील २००० सालचा बहुउद्धृत लेख हा कर्करोगाच्या ज्ञानाची मांडणी करणारा आढावा आहे. दोन्ही उपयुक्तच, परंतु नवा शोध, पद्धत आणि आढावा एकाच काट्यावर तोलता येत नाहीत.

चौथे, मान्यता म्हणजे सत्य नव्हे. कृमींमुळे उंदरांना कर्करोग होतो, या शोधासाठी १९२६ चे नोबेल योहानेस फिबिगर यांना मिळाले. पुढे तो निष्कर्ष टिकला नाही. उलट, कर्करोग पेशीतील उत्परिवर्तनामुळे होतो, हे मत सन्मानप्राप्त राऊस यांना अखेरपर्यंत पटले नाही, आणि त्यांच्याच विषाणूवरील पुढील संशोधनाने त्या मताला बळ दिले.

निष्कर्ष :
उद्धरणसंख्या निरर्थक आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. कोणता निबंध कोणत्या क्षेत्रात पोहोचला, हे ती सांगते. मात्र तो निबंध बरोबर आहे काय, नवा आहे काय, हे तो वाचल्याशिवाय कळत नाही. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या प्रभावांकावरून व्यक्तीचे मूल्यमापन करू नये, असे सुचविले. त्यापुढे जाऊन, निवड समितीने उमेदवाराचे किमान दोन निबंध वाचून त्यांवरील अभिप्राय लेखी नोंदवावा, असे सुचवावेसे वाटते. वेळ लागेल, परंतु ज्याचे वर्षानुवर्षांचे काम तोलले जात आहे, त्याचा तेवढा अधिकार आहे.