कातकरी वाडीखालची जमीन

२००६च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवरील ऐतिहासिक अन्याय मान्य केला, हे त्याचे मोठेपण. रायगडच्या कातकऱ्यांना मात्र तो तोकडा पडतो. खैराचा कात काढणारी ही जमात. इंग्रजी वनकायद्यांनी जंगल बंद केले, मग ती कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर गेली. आज कर्जत-सुधागडातल्या कितीतरी वाड्या खाजगी जमिनीवर आहेत. घर कातकऱ्याचे, सातबारा दुसऱ्याचा. वनजमीन नाही, म्हणून वनहक्कही नाही! फार्महाऊससाठी जमीन विकली गेली की वाडीभोवती कुंपण पडते. खरे तर नवा कायदाही नको. महसूल संहिता १९६६मधील कलम १२२ने गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिलेलाच आहे. वाड्यांसाठी तो सर्रास वापरायला शासन कचरते, कारण तिथे मालकाशी गाठ पडते.