मालाडच्या देसल्याचे स्वप्न

गेल्या श्रावणात आमचे थोरले काका एक जाडजूड वही बगलेत मारून बोरिवलीच्या घरी आले. घराण्याचा कुळवृत्तांत छापण्याचा घाट त्यांनी घातला आहे, आणि घरात एक कादंबरीकार पोसला गेला असल्यामुळे प्रस्तावना त्याने लिहावी, हे परस्पर ठरवूनही टाकले आहे. "पहिलं वाक्य मी सांगतो, तू लिहून घे," काका म्हणाले, "आपले मूळ पुरुष बिंबराजाबरोबर आले."

मी म्हणालो, "काका, कोणत्या बिंबराजाबरोबर?"

काकांना हा प्रश्न मुळीच आवडला नाही. पण त्यात खोडसाळपणा नव्हता. मी इतिहाससंशोधक नव्हे. शिक्षण मॅट्रिकपुरते, शाळेत मुलांना मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु ज्या ग्रंथाच्या भरवशावर पाठारे प्रभू, पाचकळशी इत्यादी ज्ञाती आपले मूळ बिंबाशी नेऊन भिडवतात, ती 'महिकावतीची बखर' मी वाचली आहे, आणि तीत बिंब दोन आहेत! पहिला प्रतापबिंब. शके १०६० म्हणजे इसवी सन ११३८ च्या सुमारास तो कोकणात उतरतो, केळवे-माहीमला गादी मांडतो आणि बरोबर आणलेली सहासष्ट कुळे वसवतो. दुसरा बिंबदेव. हा देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा पुत्र म्हणून सांगितला जातो. अल्लाउद्दिनाच्या स्वारीनंतर तो मुंबईच्या माहीमला येतो. दोघांमध्ये दीडशे वर्षांचे अंतर. लोकांच्या आठवणीत मात्र दोघे मिळून एकच राजा झाला. त्यातही देवगिरीच्या इतर साधनांत रामदेवरावाचा मुलगा म्हणून ठळकपणे दिसतो तो शंकरदेव. या बिंबदेवाविषयी अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

बखर राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. त्यांची प्रस्तावना एवढी गाजली, की पुष्कळांनी तीच वाचून बखर वाचल्याचे पुण्य पदरात पाडून घेतले आहे. (मीही बरीच वर्षे त्यांतलाच.) मूळ ग्रंथ सहा प्रकरणांचा, गद्यपद्यमिश्र आणि अनेक हातांचा. कादंबरीकाराच्या नजरेने पाहिले तर बिंबराजा हे त्यातले सर्वांत फिके पात्र होय. तो येतो, जिंकतो, गावे वाटतो आणि मरतो. त्याला भीती नाही, हौस नाही, एखादी वाईट खोडसुद्धा नाही. याउलट पुढे नागरशा राजाचे मेहुणे गावांच्या वाटणीवरून रुसतात आणि सरळ देवगिरीला रामदेवरावाकडे जाऊन उभे राहतात, तेथे बखर एकदम जिवंत होते. ते मेहुणे मी आमच्या गावठाणात, लग्नाच्या मांडवात, प्रत्यक्ष पाहिलेले आहेत.

पण बखरीतला खरा नायक मेहुणेही नव्हेत. तो आहे मालाडचा देसला, नायकोराव. देसला म्हणजे गावांच्या समूहावरचा वतनदार अधिकारी. साल शके १३७०, म्हणजे १४४८. माहीमवर तेव्हा गुजरातच्या सुलतानाचा अंमल. जुने राज्य बुडालेले, कोण कुठला, कोणाचे गोत्र काय, कोणाची वृत्ती कोणती, याचा घोळ झालेला. अशा वेळी देवी नायकोरावाच्या स्वप्नात येते आणि 'महाराष्ट्रधर्म' राखण्यास सांगते. तो केशवाचार्यांकडे जातो, लोक जमतात, आणि कुळांची, गोत्रांची, गावांची मांडणी होते. बखरीतली जुनी दोन प्रकरणे ही या केशवाचार्यांची. म्हणजे ज्याला आपण बिंबाने घडवलेला समाज म्हणतो, त्याची वीण आपल्याला दिसते ती बिंबानंतर तीनशे दहा वर्षांनी, मालाडच्या एका धास्तावलेल्या माणसाच्या खटपटीतून. आपण शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकापासून जितके लांब, त्याहून थोडासाच जवळ नायकोराव प्रतापबिंबाला होता. हाती कागद किती असतील, ऐकीव किती असेल? त्याला मूळ पुरुष हवा होता, आणि तो त्याने मिळवला. त्याला मी लबाड म्हणणार नाही. बुडत्या घरातून माणूस आधी देव बाहेर काढतो.

हे काही साष्टीतच घडले असे नाही. प्रतापबिंबाच्याच शतकात दूर स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेटांत सोमर्लेड नावाचा गेलिक सरदार वल्ह्यांच्या नौकांच्या जोरावर राज्य करीत होता. ११६४ मध्ये तो रेनफ्र्यूजवळ मारला गेला. त्याच्या डोनाल्ड नावाच्या नातवावरून मॅक्डोनाल्ड कुळ निघाले. तिकडे कुळाला 'क्लॅन' म्हणतात, आणि मूळ गेलिक शब्दाचा अर्थ नुसता 'लेकरे' एवढाच. कुळाच्या भाटांनी सोमर्लेडची वंशावळ आयर्लंडच्या पुराणकाळच्या राजांपर्यंत नेऊन पोहोचवली, आणि उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांना हुसकावणारा वीर म्हणून त्याला गायिले. या शतकात त्याच्या वंशजांच्या रक्ताची परीक्षा झाली, तेव्हा पितृवंश बहुधा त्या नॉर्स लोकांचाच निघाला! कुळ मात्र मोडले नाही. मॅक्डोनाल्ड आजही मॅक्डोनाल्डच आहेत.

मग काकांच्या वाक्याने माझे काय बिघडते? बिघडते ते एवढ्याचसाठी, की 'आले' म्हटले की जमीन रिकामी होती असे वाटू लागते. आमच्या घरापासून पायी जाता येईल अशा अंतरावर एक्सरचे वीरगळ आहेत. त्या दगडांवर वल्ह्यांच्या नौकांची रांग कोरलेली आहे, वर स्वर्गाला गेलेले वीर आहेत. १२६५ च्या सुमारास शिलाहार सोमेश्वर आणि महादेव यादव यांच्यात जी सागरी लढाई झाली, तिचे हे चित्र असे कित्येकांचे मत. काही जण ते याहून जुने मानतात. त्या वीरांची नावे आज कोणी सांगू शकत नाही. नौका वल्हवणारे कोण होते? कोळी, आगरी, डोंगराकडचे वारली कोणत्या राजाबरोबर आले? बखर त्यांच्यापाशी थांबत नाही. राजे आणि वतने यांतच ती गुंतलेली आहे. आणि १५३४ मध्ये वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेल्यावर याच गावांतली जी घरे ख्रिस्ती झाली, त्यांतही बिंबाबरोबर आल्याचे सांगणारी कुळे असणारच. मरोळच्या किंवा गोराईच्या एखाद्या ईस्ट इंडियन कुटुंबाचा बिंबावर आमच्याइतकाच हक्क निघेल. काकांच्या वहीत त्यांच्यासाठी पान नाही.

प्रस्तावना मी लिहिली. पहिले वाक्य असे केले: 'शके १३७० मध्ये मालाडच्या नायकोराव देसल्याने कुळांची मांडणी करविली, तेव्हा आपले पूर्वज बिंबराजाबरोबर आले असा समज या भागात रूढ होता, त्याआधी येथे कोण होते, हे त्याने विचारले नाही, आपण विचारू.'

काकांनी ते दोनदा वाचले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

"वाक्य फार लांब झालं," ते म्हणाले, आणि वही पुन्हा बगलेत मारली. दिवाळीनंतर येतो म्हणाले आहेत. एक्सरचे दगड बघायला मी त्यांना घेऊन जाणार आहे, गुडघे दुखत नसतील तर.