तसबिरीखालचा नातू
(योझेफ रोट यांच्या ‘राडेट्स्की मार्च’विषयी)

सैनिकी घराण्यांच्या कथा सहसा अभिमानाने सांगितल्या जातात. आजोबांनी लढाई गाजविली, मुलाने नाव राखले, नातवाने पुन्हा गणवेश चढविला, अशी त्यांची ठरलेली मांडणी असते. योझेफ रोट यांची १९३२ साली प्रसिद्ध झालेली ‘राडेट्स्की मार्च’ ही जर्मन कादंबरी हीच मांडणी स्वीकारते आणि तिच्या आतली पोकळी दाखवून देते. रोट यांचा जन्म १८९४ मध्ये, आज युक्रेनमध्ये असलेल्या ब्रोडी या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात होते आणि १९१८ मध्ये ते साम्राज्यच नाहीसे झालेले त्यांनी पाहिले. जे गेले त्यावर त्यांचा जीव होता. तरीही त्या मायेने त्यांची दृष्टी अंधुक झाली नाही, हे आम्हांस या कादंबरीचे पहिले मोठेपण वाटते.

कथेचा आरंभ १८५९ च्या जून महिन्यात, सोल्फेरिनोच्या रणभूमीवर होतो. तरुण सम्राट फ्रान्झ योझेफ दुर्बीण डोळ्यांना लावू पाहतो. शत्रूला यामुळे नेमके लक्ष्य मिळेल, हे पायदळातील लेफ्टनंट त्रोता याच्या ध्यानी येते. तो सम्राटाला खांदे धरून खाली पाडतो आणि गोळी स्वतःच्या खांद्यावर घेतो. त्या एका क्षणाने हा शेतकरी वंशातला स्लोव्हेन तरुण सरदार होतो. त्याचे वडीलही जुने शिपाई. सीमेवरच्या चकमकीत एक डोळा गमावून ते लाक्सेनबुर्गच्या राजउद्यानात रखवालदारी करीत आहेत. बापाला शिपाईगिरीने भाकरी दिली, मुलाला प्रतिष्ठा दिली. पण त्याच प्रतिष्ठेमुळे दोघांना एकमेकांशी पूर्वीसारखे बोलता येईनासे होते.

कादंबरीचा खरा कणा मात्र रणभूमीवर नसून शाळेच्या क्रमिक पुस्तकात आहे, असे आमचे मत आहे. आपल्या मुलाच्या पुस्तकात त्रोताला स्वतःवरचा धडा सापडतो. त्यात तो घोड्यावर स्वार आहे, तलवार परजीत शत्रूच्या गराड्यातून सम्राटाला सोडवीत आहे. घोडदळात एक दिवसही न घालविलेला हा सरळ माणूस संतापतो आणि दाद मागत थेट सम्राटापर्यंत जातो. मुलांसाठी असेच लिहायचे असते, असे सारे त्याला समजावतात; सम्राटालाही त्या असत्यात फारसे वावगे दिसत नाही. अखेर धडा वगळला जातो, परंतु त्रोताच्या मनातून सैन्य कायमचे उतरते. तो नोकरी सोडतो आणि मुलाला सैन्यात जाण्यास मनाई करतो.

मुलगा ही आज्ञा निमूटपणे पाळून जिल्हाधिकारी होतो. दर रविवारी त्याच्या सज्जाखाली लष्करी बँड थोरल्या योहान स्ट्राउसने १८४८ मध्ये रचलेला ‘राडेट्स्की मार्च’ वाजवितो. स्वतःला नाकारलेली वर्दी तो आपल्या मुलाच्या, कार्ल योझेफच्या अंगावर चढवितो आणि त्याला पाठवितो ते नेमके घोडदळात! क्रमिक पुस्तकातले असत्य जणू तिसऱ्या पिढीत खरे करून दाखवायचे असते. नातवाला मात्र धड घोडाही बसता येत नाही. आजोबांच्या तसबिरीकडे टक लावून तो लहानाचा मोठा झाला आहे. आपण काय करावे, हे ती तसबीर त्याला कधीच सांगत नाही.

काळही पालटलेला आहे. १८६६ नंतर या सैन्याने मोठे युद्ध पाहिले नव्हते. शौर्याला वाव नव्हता, शौर्याचा शिष्टाचार तेवढा उरला होता. दारू, जुगार, कर्ज आणि द्वंद्वयुद्ध यांत अधिकाऱ्यांचे दिवस जातात. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये निषिद्ध ठरविलेले द्वंद्वयुद्ध कॅथलिक सम्राटाच्या सैन्यात मानाची अट होऊन बसते आणि कार्ल योझेफचा एकमेव मित्र, डॉक्टर देमान्त, त्यातच बळी पडतो. आजोबांनी सम्राटाचे प्राण वाचविले. नातू एका बदनाम घराच्या भिंतीवरून सम्राटाचे चित्र तेवढे उतरवून आणतो. दोन पिढ्यांतले अंतर रोट यांनी या एका प्रसंगात मोजले आहे.

कादंबरीत उणिवा नाहीत असे नाही. तिच्यातल्या स्त्रिया नायकाच्या आयुष्यातून छायेसारख्या जातात. संपकरी कामगारांवर गोळीबार होतो, तेव्हा नायकाच्या मनातली खळबळ कळते. मेलेल्यांची घरे मात्र आपल्याला दिसत नाहीत. या साम्राज्याचा भार कोणाच्या खांद्यावर होता, याविषयी लेखकाने अधिक बोलावयास हवे होते.

शेवटाने मात्र या उणिवांची बरीच भरपाई केली आहे. कार्ल योझेफ घोडदळ सोडून केव्हाच पायदळात आलेला असतो. पुढे नोकरीही सोडतो, परंतु १९१४ मध्ये युद्ध पेटताच परततो. त्याचे युक्रेनियन शिपाई तहानेने व्याकूळ आहेत आणि विहीर शत्रूच्या माऱ्यात आहे. पाण्यासाठी गेलेले काही जण पडलेले पाहून तो स्वतः दोन बादल्या घेऊन निघतो आणि तेथेच मारला जातो. मागून शिपायांच्या तोंडून ख्रिस्ताच्या स्तुतीचा नित्याचा उद्गार येतो. त्याचे उत्तर त्याच्या ओठांपर्यंत येते, पण बाहेर पडत नाही. असा मृत्यू क्रमिक पुस्तकात घालण्याजोगा नव्हे, असे निवेदक कोरडेपणाने नोंदवितो.

आमच्या मते नातू आजोबांचा खरा वारस ठरतो तो येथेच. आजोबांच्या कृत्यातही घोडा नव्हता, परजलेली तलवार नव्हती. समोरचा माणूस वाचावा एवढीच त्या क्षणीची ओढ होती. ती ओढ तसबिरीत उतरली नाही, बँडच्या सुरांत उतरली नाही आणि धड्यात तर तिचा विपर्यासच झाला. आजोबांनी राजाला वाचविले आणि त्यांना सरदारकी मिळाली. नातू तहानलेल्या शेतकऱ्यांसाठी गेला आणि त्याला काहीच मिळाले नाही. ज्या घरांत वडीलधाऱ्यांच्या तसबिरी भिंतीवर आहेत आणि त्यांच्याखाली मुले वाढत आहेत, त्या घरांतील आईवडिलांनी ही कादंबरी अवश्य वाचावी आणि मुलांना आजोबांची गोष्ट सांगताना ती घडली तशीच सांगावी.