अमेरिकेची बातमी आणि वऱ्हाडचा कापूस

२७ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय मालावरचे अमेरिकेचे ५० टक्के आयातशुल्क लागू झाले. त्याच आठवड्यात अकोट रस्त्यावरच्या एका टपरीवर मी चहा घेत होतो. शेजारच्या बाकावर चार-पाच जण आपापल्या मोबाइलमध्ये गुंतले होते आणि सगळ्यांच्या पडद्यावर एकच चेहरा होता. त्यातले एक ओळखीचे शेतकरी म्हणाले, “सर, ट्रम्प काय म्हन्ते ते रोज दिसते. औंदा कापसाले भाव काय राहीन, ते कोनी नाई सांगत.”

ही तक्रार माध्यमांविषयीची आहे. ती तपासून पाहावी म्हणून महिनाभर मी माझ्या आणि घरच्यांच्या मोबाइलवर आलेल्या, अमेरिकेविषयीच्या मराठी चित्रफितींची वही ठेवली. हे शास्त्रीय सर्वेक्षण नव्हे. पण वही चाळताना तीन साचे स्पष्ट दिसतात. पहिला कुस्तीचा : कोणी कोणाला दणका दिला, कोण नमले. दुसरा थट्टेचा : ट्रम्प यांचे हातवारे, बोलणे, केस. तिसरा भाकिताचा : आता अमेरिका बुडणार, किंवा आता भारत बुडणार. या तिन्ही साच्यांत देश म्हणजे एक माणूस असतो आणि व्यापार म्हणजे त्या माणसाचा राग किंवा लोभ.

आता याच काळात काय घडले ते क्रमाने पाहू. ३० जुलैला ट्रम्प यांनी ट्रूथ सोशल या स्वतःच्या माध्यमावर २५ टक्के शुल्क जाहीर केले. ६ ऑगस्टला रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन आणखी २५ टक्क्यांचा आदेश काढला. भारताच्या कापड आणि तयार कपड्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिकाच. त्यामुळे आपल्या गिरण्या अडचणीत आल्या. त्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत.

वऱ्हाडाच्या दृष्टीने या तारखांना फार अर्थ आहे. आपल्याकडे वेचणीला दसरा-दिवाळीच्या सुमारास जोर येतो आणि डिसेंबरपर्यंत बराच कापूस बाजारात उतरतो. २०२५मध्ये नेमक्या त्याच वेळी बाहेरची रुई शुल्काविना येणार होती. म्हणजे एका बाजूने गिरण्यांची मागणी मंदावण्याची भीती, दुसऱ्या बाजूने स्वस्त आयात. मधे उरतो तो हमीभाव : २०२५-२६च्या हंगामात तो लांब धाग्याला क्विंटलला ८११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७७१० होता. तो मिळवायचा तर भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणी हवी, आणि कापसातला ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. ज्या मोबाइलवर ट्रम्प दिसतात, त्याच मोबाइलवर ही नोंदणी करायची आहे. माझ्या वहीतल्या एकाही चित्रफितीने वॉशिंग्टनपासून अकोटच्या बाजार समितीपर्यंतची ही साखळी जोडून दाखवली नव्हती.

अमेरिकेचे राजकारण वऱ्हाडच्या शेतात शिरण्याची ही पहिली वेळ नाही. १८६१ साली तिथे यादवी युद्ध पेटले. उत्तरेकडच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाकडे वळली. भाव भडकले, कापसाचा पेरा वाढला. १८६५मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. तरी वऱ्हाडची कापसाकडची ओढाताण थांबली नाही. १८७०मध्ये लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला आले, ते याच कापसासाठी. लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या १९९७च्या पुस्तकात वऱ्हाडचा कापूस आणि वऱ्हाडचे दुष्काळ यांचा संबंध मांडला आहे. शतकाअखेरच्या दुष्काळात तो संबंध किती जीवघेणा होता, हे ध्यानात येते.

त्या वेळच्या कुणब्याला लिंकन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्यापर्यंत फक्त भाव पोचत होता, त्यामागचे कारण पोचत नव्हते. आज कारणाचा चेहरा चोवीस तास समोर आहे, पण त्याचा भावाशी संबंध कोणी लावून देत नाही. दोन्ही वेळा निर्णय अंधारातच घ्यावा लागतो.

मधल्या काळात मात्र असे नव्हते. अमरावतीचे पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना त्यांच्या भारत कृषक समाजाने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले आणि डिसेंबर १९५९मध्ये खुद्द आयसेनहॉवर त्याला आले. पुढे डंकेल प्रस्तावाच्या वेळी शरद जोशींनी प्रवाहाविरुद्ध जाऊन खुल्या व्यापाराची बाजू घेतली. ती पटो न पटो, पण अनुदान, आयात, करार हे शब्द तेव्हा विदर्भातल्या सभांमध्ये बोलले गेले. आपल्याला हे विषय झेपत नाहीत, असे म्हणता येणार नाही.

शेतीच्या माध्यमांनीही हे सांगितलेच नाही, असे नाही. ‘ॲग्रोवन’सारखे दैनिक आयातशुल्कावर लिहीत असते. अडचण अशी, की शेतीची बातमी एकीकडे आणि अमेरिकेची बातमी दुसरीकडे, अशी वाटणी झाली आहे. मोबाइलवर जे जास्त वेळ पाहिले जाते तेच पुढे सरकते. भांडण पाहिले जाते, शुल्काचा तक्ता पाहिला जात नाही. ट्रम्प यांच्या घोषणाही मोबाइलच्या मापानेच बेतलेल्या असतात.

दोष फक्त बनवणाऱ्यांचा आहे, असे मी म्हणणार नाही. २०२०च्या निवडणुकीत पेनसिल्व्हेनिया आणि जॉर्जियाची मतमोजणी मी रात्र जागून पाहिली. ६ जानेवारी २०२१ला जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला, तेही तासन्‌तास पाहिले. त्यानंतर चार आठवड्यांच्या आतच, १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात, कापसावर आयातशुल्क बसले. तेच हे ११ टक्के. माझे त्याकडे लक्षही गेले नाही. ते शुल्क उठले तेव्हा ते कधी बसले होते, हे मला शोधावे लागले. सरकी पेरणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाची ही अवस्था.

अमेरिकेच्या बातम्या पाहू नका, असा माझा सल्ला नाही. उलट अधिक बारकाईने पाहाव्या लागतील. पण जो कोणी मराठीत ट्रम्पविषयी बोलेल, त्याला आपण प्रेक्षकांनी एक प्रश्न विचारायला हवा : याचा आमच्या मालाशी संबंध काय आणि तो कोणत्या तारखेपासून? टपरीवरच्या त्या शेतकऱ्यांना मी ३१ डिसेंबर ही तारीख सांगितली आणि नोंदणीची आठवण दिली. त्यांनी मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, “मंग हे करून द्या बरं आधी.”